जीवदया आणि गिधाडे : एका औषधाचा हिशेब

पर्युषणात बोललेल्या बोल्या, अठ्ठाईचे पारणे, वडीलधाऱ्यांची पुण्यतिथी, नातवंडांचा वाढदिवस अशा निमित्तांनी आपल्या घरांतून जीवदयेसाठी रक्कम निघते आणि तिचा मोठा भाग पांजरपोळांकडे जातो. देणाऱ्याने पावती घेतली की त्याच्या मनातील हिशेब पूर्ण होतो. त्या रकमेचे पुढे काय झाले, हे पाहण्याचे काम विश्वस्तांचे आणि हिशेब तपासनिसाचे असते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून अशाच एका पांजरपोळाचे वार्षिक हिशेब मी विनामोबदला तपासतो. चारा, पेंड, पाण्याचे टँकर, मजुरी, पशुवैद्यांचे मानधन आणि औषधे ही तेथील खर्चाची मुख्य सदरे. व्हाउचरला बिल जोडलेले आहे का, बेरीज बरोबर आहे का, विश्वस्तांची सही आहे का, एवढे पाहून मी तांबड्या पेन्सिलीने खूण करीत असे.

अलीकडच्या एका तपासणीत औषधांच्या बिलात एक नाव आले आणि पेन्सिल थांबली. ते जनावरांना द्यायचे वेदनाशामक इंजेक्शन होते. त्यातील घटकद्रव्य होते ॲसिक्लोफेनॅक. काही महिन्यांपूर्वीच या द्रव्याच्या पशुवैद्यकीय वापरावर केंद्र सरकारने बंदी घातल्याची बातमी मी वाचली होती, आणि बिलाची तारीख बंदीनंतरची होती. मागील वर्षांच्या फाइली काढल्या, तेव्हा तेच नाव तेथेही सापडले. प्रत्येक बिलावर माझीच तांबडी खूण होती. हिशेबात चूक नव्हती. चूक कोठे होती, हे समजून घेण्यासाठी गेल्या तीस वर्षांतील एका मोठ्या संशोधनाची हकीकत पाहावी लागते. ती आपल्या समाजाने माहीत करून घ्यावी, अशी आहे.

आकाशातून नाहीसे झालेले पक्षी

माझ्या वयाच्या वाचकांना लहानपणीची गिधाडे आठवत असतील. गावाबाहेर मेलेले ढोर टाकले, की थोड्याच वेळात आकाशात घिरट्या सुरू होत आणि पाहता पाहता केवळ हाडांचा सांगाडा उरे. 1980च्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा बहुधा जगातील सर्वाधिक संख्येचा मोठा शिकारी वर्गातील पक्षी असावा, असे पक्षितज्ज्ञ म्हणत. ‘शिकारी वर्गातील’ हा शब्द येथे फक्त वर्गीकरणापुरता आहे. गिधाड शिकार करीत नाही. ते कोणाला मारीत नाही; जे आपोआप मेले आहे, तेच खाते.

राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ डॉ. विभू प्रकाश यांनी 1987-88 मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची 353 घरटी मोजली होती. 1996-97 मध्ये त्याच ठिकाणी ती 150 उरली. पुढच्या काही वर्षांत तेथील वसाहत संपली. पक्षी मान खाली टाकून दिवसेंदिवस झाडावर बसलेले दिसत आणि मग खाली पडत. 1990च्या दशकाच्या प्रारंभी ज्या रस्त्यांवरून गाडीने फिरून गिधाडांची गणना झाली होती, त्याच रस्त्यांवरून पुढे पुन्हा पुन्हा गणना करण्यात आली. 2007 पर्यंतचे चित्र असे होते : पांढऱ्या पाठीची गिधाडे 99.9 टक्क्यांनी घटली होती, तर लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची गिधाडे मिळून सुमारे 97 टक्क्यांनी. सोप्या भाषेत सांगायचे तर, जेथे हजार पक्षी होते, तेथे एक उरला.

गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. हे भांडवल अतिशय सावकाश वाढणारे आहे. ते एकदा बुडाले, की एका पिढीत भरून येत नाही.

कारणाचा शोध

प्रथम संशय विषाणूचा होता. एवढ्या मोठ्या प्रदेशात, एवढ्या वेगाने, एकाच कुळातील पक्षी मरावेत, म्हणजे साथच असणार, असा तर्क होता. काहींनी शेतातील कीटकनाशकांकडे बोट दाखविले. अन्न कमी पडले म्हणावे, तर मेलेली जनावरे जागोजाग पडून होती.

उत्तर सापडले ते पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी ‘पेरेग्रीन फंड’ या संस्थेच्या साहाय्याने तेथे 2000 सालापासून मृत गिधाडांची शवचिकित्सा करीत होते. बहुसंख्य पक्ष्यांच्या पोटात एकच दृश्य दिसे : यकृत, हृदय, मूत्रपिंड यांवर चुन्यासारखा पांढरा थर. हा थर युरिक आम्लाच्या स्फटिकांचा होता. पक्ष्यांच्या शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य युरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडते. मूत्रपिंडे निकामी झाली, की ते रक्तात साचते आणि अवयवांवर बसते. म्हणजे पक्षी मूत्रपिंडाच्या विकाराने मरत होते. पण मूत्रपिंडे कशाने बिघडत होती?

संशोधकांनी विषाणू, जिवाणू, कीटकनाशके, शिसे आणि इतर जड धातू यांच्या चाचण्या केल्या. काहीच जुळेना. मग त्यांनी प्रश्न उलट बाजूने मांडला. गिधाडे पाळीव जनावरांचे मांस खातात. तर मग या जनावरांच्या शरीरात अलीकडे नवे काय जाऊ लागले आहे? ते पशुवैद्यांकडे आणि औषधांच्या दुकानांत गेले व काय विकले जाते, याची विचारपूस केली. मूत्रपिंडाला अपाय करू शकणारे आणि गावोगाव सहज मिळणारे एक द्रव्य पुढे आले. ते होते डायक्लोफेनॅक. माणसांच्या सांधेदुखीवर वर्षानुवर्षे वापरले जाणारे वेदनाशामक.

तपासणीचा निकाल निःसंदिग्ध होता. ज्या 25 मृत गिधाडांच्या शरीरात युरिक आम्लाचा थर होता, त्या सर्वांत डायक्लोफेनॅक सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या 13 पक्ष्यांपैकी एकातही ते नव्हते. हा निष्कर्ष 2004 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिशेब तपासण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला असा ताळा क्वचितच पाहायला मिळतो : एका बाजूला पंचवीसपैकी पंचवीस, दुसऱ्या बाजूला तेरापैकी शून्य.

जनावरांना या औषधाने काही होत नाही. उलट त्यांचा ताप उतरतो, सूज ओसरते, लंगडणे कमी होते. परंतु औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत जनावर मेले, तर त्याचा अंश मांसात व विशेषतः यकृतात आणि मूत्रपिंडांत उरतो. गिधाडाला तेवढा अंश प्राणघातक ठरतो आणि ते काही दिवसांतच मरते.

येथे एक शंका येते. सगळ्याच जनावरांना काही मरण्यापूर्वी हे इंजेक्शन मिळत नसेल. मग एवढा संहार कसा झाला? शास्त्रज्ञांनी गणिताने दाखविले, की मेलेल्या जनावरांपैकी एक टक्क्याहूनही कमी जनावरांत घातक मात्रा असली, तरी गिधाडांची संख्या त्याच वेगाने कोसळते. कारण एका ढोरावर गिधाडांचा मोठा थवा एकत्र उतरतो, आणि एक गिधाड वर्षभरात अनेक ढोरांवर जेवते. भारतात 2004-05 च्या सुमारास प्रत्यक्ष नमुने तपासले, तेव्हा सुमारे दहा टक्के मृत जनावरांत डायक्लोफेनॅक आढळले.

दयेतून घडलेली हिंसा

या हकीकतीत मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की येथे कोणीही क्रूर नाही. ज्या देशात जनावर म्हातारे झाले की खाटकाकडे जाते, तेथे त्याला अखेरच्या दिवसांत वेदनाशामक देण्याचा प्रश्न सहसा येत नाही. आपल्याकडे गाय, बैल, म्हैस म्हातारपणापर्यंत सांभाळण्याची रीत आहे. दुखणाईत जनावराला शेवटपर्यंत औषध द्यावे, असे शेतकऱ्याला वाटते आणि पांजरपोळाला तर ते कर्तव्यच वाटते. मरणाच्या दारातील जनावराला इंजेक्शन देणे, मग ते मेल्यावर उघड्यावर टाकणे आणि त्यावर गिधाडांनी उतरणे, ही साखळी आपल्या देशात पूर्ण झाली. ती पूर्ण करणारी एक कडी आपली दया होती.

आपल्या शास्त्रांनी या ठिकाणी फार सूक्ष्म विचार केला आहे. तत्त्वार्थसूत्रातील हिंसेच्या व्याख्येत केवळ प्राणहरणाला नव्हे, तर प्रमादाला म्हणजे बेसावधपणाला केंद्रस्थानी ठेवले आहे. चालताना चार हात भूमी पाहून चालण्याचा नियम साधूंना आहे, तो याच कारणाने. गृहस्थाच्या आचारातील एक जुना दाखला मला येथे नेहमी आठवतो. आपल्या आजीच्या पिढीत पाणी गाळून घेतल्यावर गाळण्यावर उरलेली जिवाणी मोरीत ओतून देत नसत. ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ती अलगद परत सोडीत. स्वतःपुरते शुद्ध पाणी मिळाले, म्हणून जबाबदारी संपली नाही; गाळण्यावर जे उरले, त्याचे पुढे काय होते, हेही पाहायचे. औषधाच्या बाबतीत आपण ही दुसरी पायरी विसरलो. जनावराचे दुखणे थांबले, हे पाहिले. त्याच्या शरीरात जे उरले, त्याचे काय झाले, हे पाहिले नाही.

अर्थात 2004 पूर्वी हे कोणाला ठाऊक नव्हते, आणि अज्ञानाचा दोष मर्यादित असतो. परंतु ज्ञान उपलब्ध झाल्यानंतरचा बेसावधपणा हा प्रमादच होय. माझी तांबडी खूण त्यातच मोडते, असे मला वाटते.

माणसांना बसलेला फटका

गिधाडे गेल्याने माणसांचे काय बिघडले, असे विचारणाऱ्यांसाठीही उत्तर तयार आहे. गिधाडाच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते. सडक्या मांसातील बहुतेक रोगजंतू त्यात नष्ट होतात. गिधाडे नाहीशी झाल्यावर मेलेली ढोरे कुजत पडली, पाण्यात टाकली जाऊ लागली आणि भटक्या कुत्र्यांना मुबलक अन्न मिळाले. कुत्री वाढली, तसा कुत्रे चावण्याचा आणि रेबीजचा धोका वाढला.

या हानीचा आर्थिक हिशेब इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी मांडला. तो 2024 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वीपासून गिधाडांना अनुकूल असलेले जिल्हे एका बाजूला आणि जेथे गिधाडे मुळात फारशी नव्हती असे जिल्हे दुसऱ्या बाजूला ठेवून त्यांनी दोन्हींकडील मृत्युदर तपासले. 1990च्या दशकाच्या मध्यास डायक्लोफेनॅक स्वस्त झाले आणि गुरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. त्यानंतर गिधाडांच्या जिल्ह्यांतील मानवी मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढलेला दिसला. 2000 ते 2005 या काळात त्यामुळे सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. अंदाज म्हणून त्यात कमीअधिक होऊ शकेल. परंतु दिशा स्पष्ट आहे. जो पक्षी आपल्याकडून एक पैसाही न घेता गावाची सफाई करीत होता, त्याची किंमत तो गेल्यावर कळली.

मुंबईच्या मलबार हिलवरील दख्म्यांत पारशी समाजाची शतकानुशतकांची अंत्यविधीची परंपरा गिधाडांवर अवलंबून होती. गिधाडे नाहीशी झाल्यावर तेथे सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली. एका औषधाच्या बाटलीने एका शेजारी समाजाच्या धर्माचरणालाही धक्का दिला.

पर्याय कसा सापडला

बंदी घालायची, तर दुखणाईत जनावरांचे काय? जनावराला वेदनेत ठेवून गिधाड वाचविणे, हा आपल्याला मान्य होण्याजोगा मार्ग नव्हे. म्हणून शास्त्रज्ञांनी सुरक्षित वेदनाशामक शोधायला घेतले. त्यांनी पहिले काम पत्रव्यवहाराचे केले. जगभरातील प्राणिसंग्रहालयांना आणि पशुवैद्यांना विचारले, की आपण कोणत्या पक्ष्यांना कोणते वेदनाशामक दिले आणि परिणाम काय झाला. मेलॉक्सिकॅम हे औषध साठ जातींच्या सातशेहून अधिक पक्ष्यांना दिले गेले होते आणि त्याने पक्षी मेल्याची नोंद नव्हती. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेत तेथील गिधाडांवर आणि मग भारतात चाचण्या झाल्या. मेलॉक्सिकॅम सुरक्षित असल्याचे 2006 साली प्रसिद्ध झाले. अलीकडे टॉल्फेनॅमिक ॲसिड हे दुसरे औषधही सुरक्षित ठरले आहे.

एक गोष्ट लपवून ठेवू नये. डायक्लोफेनॅकचा दोष सिद्ध करताना काही बंदिस्त गिधाडांना ते औषध दिले गेले आणि त्यांतील पक्षी मेले. अहिंसेच्या उपासकाला हे वाचताना वेदना होतात, आणि व्हाव्यात. त्या प्रयोगांचे समर्थन करण्याचा अधिकार मला नाही. एवढेच म्हणतो, की ज्या ज्ञानासाठी त्या जीवांचे प्राण गेले, ते ज्ञान वापरले नाही, तर ते प्राण व्यर्थ गेले.

2006 साली भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदीची पावले उचलली. परंतु व्यापाराला पळवाट लवकर सापडते. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या तीस मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या बाजारात होत्या. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरते. मग एवढी मोठी बाटली कोणासाठी, हे उघड होते. 2015 साली सरकारने माणसांसाठीचे इंजेक्शन तीन मिलिलिटरच्या एकमात्रा बाटलीपुरते मर्यादित केले. त्याविरुद्ध उत्पादक न्यायालयात गेले, पण मद्रास उच्च न्यायालयाने 2017 साली निर्बंध कायम ठेवला.

दुसरी पळवाट पर्यायी औषधांची होती. ॲसिक्लोफेनॅक जनावराच्या शरीरात गेले, की त्याचे डायक्लोफेनॅकच होते; म्हणजे नाव बदलून तेच खाते. किटोप्रोफेनही गिधाडांना मारक ठरले. या दोन्हींवर जुलै 2023 मध्ये आणि निमेसुलाइडवर 2024 अखेर पशुवैद्यकीय वापरापुरती बंदी आली. एकेका औषधाचा दोष सिद्ध होऊन बंदी येईपर्यंत मध्ये वर्षे जातात. म्हणून ‘बंदी नाही, म्हणजे सुरक्षित आहे’ असे धरून चालता येत नाही. ‘सुरक्षित असल्याचे तपासून सिद्ध झाले आहे का?’ हाच प्रश्न विचारला पाहिजे.

‘इथे गिधाडे आहेतच कुठे?’

त्या बिलावरून मी पांजरपोळाच्या व्यवस्थापकांना विचारले. त्यांनी पशुवैद्यांना बोलाविले. डॉक्टर सरळ मनाचे, म्हणाले, “साहेब, दुकानात जे मिळते ते लिहितो. आणि इथे गिधाडे आहेतच कुठे? मी नोकरीला लागल्यापासून एकसुद्धा पाहिले नाही.” मग मी औषधाच्या दुकानदारांकडे गेलो. ते आपल्याच समाजातील, दरवर्षी जीवदयेला चांगली रक्कम देणारे. ते म्हणाले, “काका, जुना माल शिल्लक होता. टाकून दिला असता तर नुकसान माझेच ना?”

दुकानदाराला मी जे सांगितले, ते व्यापाऱ्याला पटणारे होते : बंदी आलेला माल हा मालच राहत नाही, तो बुडीत खात्यात लिहून मोकळे व्हावे. बँकेत आम्ही बुडीत कर्जाचेही तेच करीत असू. रुपयांत मोजले, तर नुकसान किरकोळ होते. त्यांनी उरलेला साठा विक्रीतून काढून कंपनीला परत पाठविला.

डॉक्टरांच्या प्रश्नाला उत्तर देणे अधिक अवघड होते, कारण त्यात तथ्य होते. आमच्या परिसरात गिधाडे नाहीत. परंतु ती का नाहीत, याचे उत्तर त्यांच्याच पेटीत होते. शिवाय गिधाड अन्नाच्या शोधात एका दिवसात फार मोठा पल्ला पार करते. महाराष्ट्रात ते संपलेले नाही. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे आजही आहेत, रायगड जिल्ह्यात काही वसाहती टिकून आहेत. हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि राज्याचे वनखाते यांच्या केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते. तेथून आणलेली गिधाडे 2024 साली ताडोबा आणि पेंच येथे काही महिने मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून मग मोकळी करण्यात आली. त्यांच्या अंगावर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे आहेत. वीस वर्षांच्या खटपटीनंतर सोडलेले असे एखादे गिधाड उद्या कोणत्या गावाच्या आकाशात येईल, हे कोण सांगणार? ते ज्या दिवशी येईल, त्या दिवशी आपल्या पांजरपोळातील मेलेल्या गाईच्या अंगात काय असेल, हे मात्र आपण आजच ठरवू शकतो.

नेपाळमधील पिठौली या गावाने तर एक पाऊल पुढे टाकले. तेथील लोक 2006 सालापासून शेतकऱ्यांकडून निरुपयोगी झालेली म्हातारी गुरे घेतात, नैसर्गिक मरणापर्यंत सांभाळतात, आजारात सुरक्षित औषधेच देतात आणि मृत्यूनंतर ते कलेवर गिधाडांसाठी मोकळ्या जागी ठेवतात. त्या जागेला लोक ‘जटायू रेस्टॉरंट’ म्हणतात. म्हाताऱ्या गुरांना मरेपर्यंत आसरा देण्याची ही व्यवस्था आपल्या पांजरपोळाहून फार वेगळी नाही. फक्त तिचा हिशेब गाईच्या मृत्यूपाशी बंद होत नाही.

आपल्या हातात काय आहे

आमच्या विश्वस्तांच्या सभेत बरीच चर्चा झाली. एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, की आपण गाई सांभाळायला बसलो आहोत, गिधाडे सांभाळायला नव्हे. त्यांचे म्हणणे कोणी खोडून काढले नाही. पण दोन्ही जिवांना न दुखविणारे औषध बाजारात उपलब्ध असताना एकाचा बळी देणारे का घ्यावे, या प्रश्नापाशी चर्चा थांबली आणि पुढील गोष्टी ठरल्या. इतर संस्थांनाही त्या उपयोगी पडतील, म्हणून देत आहे.

पहिली : पांजरपोळाच्या औषधसाठ्यात डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, किटोप्रोफेन आणि निमेसुलाइड असलेले कोणतेही औषध राहणार नाही. ब्रँडचे नाव काहीही असो, बाटलीवरील घटकद्रव्य वाचूनच माल स्वीकारायचा. वेदनाशामक लागेल, तेव्हा पशुवैद्यांच्या सल्ल्याने मेलॉक्सिकॅम किंवा टॉल्फेनॅमिक ॲसिड वापरायचे.

दुसरी : प्रत्येक आजारी जनावराची उपचार-नोंद ठेवायची. कोणते औषध, किती, कोणत्या तारखेस, हे तीन रकाने पुरेत. जनावर बाहेरून येते, तेव्हा त्याला आधी काय दिले होते, हे आणणाऱ्याला विचारायचे.

तिसरी : उपचार सुरू असताना मेलेले किंवा आधी कोणते औषध मिळाले होते याची खात्री नसलेले जनावर उघड्यावर टाकायचे नाही, खोल खड्ड्यात पुरायचे.

चौथी : औषधांच्या प्रत्येक बिलावर घटकद्रव्याचे नाव लिहिलेले असल्याखेरीज हिशेब तपासनिसाने ते मंजूर करायचे नाही. ही अट मीच सुचविली.

वाचकांपैकी अनेकांचा औषधांचा घाऊक वा किरकोळ व्यापार आहे. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की आपल्या फळीवरील पशुवैद्यकीय मालावर एकदा नजर फिरवावी. ज्यांचा तो व्यवसाय नाही, त्यांनी आपण ज्या पांजरपोळाला देणगी देता, तेथे पुढच्या भेटीत एक प्रश्न विचारावा : आपल्याकडे जनावरांना कोणते वेदनाशामक देतात? देणगीदाराच्या एका प्रश्नाने संस्थेत जेवढे बदलते, तेवढे तपासनिसाच्या दहा शेऱ्यांनी बदलत नाही, हा माझा अनुभव आहे.

जटायूची आपली कथा

रावणाशी लढून पडलेला जटायू सर्वांना माहीत आहे. विमलसूरींच्या पउमचरियात आणि रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात त्याची आणखी एक कथा येते. दंडक राजाने मुनिसंघाचा घोर छळ केला आणि त्या पापाने जन्मोजन्मी भटकत अखेर तो गिधाड झाला. अरण्यात राम-सीता दोन मुनींना आहारदान करीत असताना त्या गिधाडाने ते पाहिले. त्याला पूर्वजन्माचे स्मरण झाले आणि ते मुनींच्या चरणांशी येऊन पडले. त्या स्पर्शाने त्याची काया रत्नासारखी उजळली. मुनींनी त्याला श्रावकाची व्रते दिली आणि राम-सीतेने त्याला आपल्याजवळ ठेवून घेतले.

लोक ज्या पक्ष्याला अमंगळ म्हणून दूर सारतात, त्याला आपल्या आचार्यांनी व्रतधारी श्रावकांच्या पंक्तीत बसविले. त्याच्याविषयी आपले काही देणे लागते, असे मला वाटते.

या वर्षीच्या हिशेबात औषधांच्या सदराखाली मेलॉक्सिकॅमची बिले आहेत. गोठ्यातील एक म्हातारी गाय गुडघ्याच्या दुखण्याने उठत नव्हती. तिला तेच औषध दिले आणि ती पुन्हा गव्हाणीपर्यंत चालत जाऊ लागली, असे व्यवस्थापकांनी सांगितले. मागील वर्षांच्या फाइलींवरील माझ्या खुणा तशाच आहेत. हिशेबात जुनी नोंद खोडता येत नाही. खाली दुरुस्तीची नोंद करावी लागते. ती मी केली आहे. येत्या संवत्सरीला क्षमापना करताना ज्या जिवांची नावे घ्यायची, त्यांत या पक्ष्याचे नावही मनात राहील.